अडीच वॅटांचा इतिहास



या व्यासपीठावरून आजवर होळकरशाहीचा कारभार, संतवाङ्मय, स्वातंत्र्यलढा अशा विषयांवर विद्वानांनी विवेचन केले आहे. त्या पंक्तीत लहान आणि स्वस्त लॅपटॉपच्या प्रोसेसरांचा इतिहास आणून बसवणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञानाचे शिक्षक होते, आणि यंत्राकडे पाहताना ते कोणी, कोणासाठी व किती किमतीत केले हे विचारण्याची सवय त्यांनी अनेक पिढ्यांना लावली. आजचा प्रश्न त्याच जातीचा आहे. संगणक स्वस्त करायचा तर त्यातले काय कमी करायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? सन २००० ते २०१२ या बारा वर्षांत या प्रश्नावरून एक मोठी लढाई झाली. ती बहुतेकांच्या नजरेआड झाली, कारण लढणारी शस्त्रे नखाएवढी होती.

प्रथम थोडे पदार्थविज्ञान. प्रोसेसरमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडमीट करतात, आणि त्यासाठी लागणारी वीज ढोबळमानाने घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात व विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या वर्गातच सारी मेख आहे. वेग निम्मा केला तर खर्च निम्मा होतो; पण वेग तोच ठेवून दाब नुसता तीस टक्क्यांनी उतरवता आला तरीही खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. अर्थात दाब उतरवला की वेगही फार वाढवता येत नाही, म्हणून ही दोन्ही सूत्रे एकत्रच हलवावी लागतात. नव्वदच्या दशकात मात्र साऱ्या उद्योगाचे लक्ष मेगाहर्ट्झच्या आकड्यावर होते. जाहिरातीत तोच आकडा, दुकानात तोच आकडा. या शर्यतीचा शेवट २००४ मध्ये आलेल्या ‘प्रेस्कॉट’ जातीच्या पेंटियम-४ पाशी झाला. त्याची उष्णता शंभर वॅटांच्या वर गेली होती. पूर्वीच्या शंभर वॅटांच्या दिव्याला ज्यांनी चुकून हात लावला असेल, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या शर्यतीला पहिला सरळ प्रश्न विचारला तो ट्रान्समेटा नावाच्या कंपनीने. डेव्हिड डिट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ती स्थापन केली आणि पुढली पाच वर्षे आपण काय करतो आहोत हे कोणालाही कळू दिले नाही. तरीही कुतूहल वाढत गेले, कारण लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स १९९७ मध्ये तेथे नोकरीला लागला होता. १९ जानेवारी २००० रोजी गुपित उघड झाले: क्रूसो नावाचा प्रोसेसर. रॉबिन्सन क्रूसो या प्रवाशाचे नाव त्याला दिले होते. प्रवासात बरोबर नेण्याजोग्या संगणकासाठी तो होता.

क्रूसोची कल्पना आजही थक्क करते. इंटेलच्या प्रोसेसरांची यंत्रभाषा, जिला क्ष-८६ म्हणता येईल, १९७८ पासून थरावर थर चढत गुंतागुंतीची झालेली होती. ती समजून घेण्यासाठी चिपमध्येच दुभाष्यांची मोठी फौज बसवावी लागे, आणि ही फौज अखंड वीज खाई. ट्रान्समेटाने हा दुभाषा चिपमधून काढला आणि सॉफ्टवेअरमध्ये नेला. चिपची स्वतःची भाषा अगदी साधी, एका दमात चार कामे सांगणारी. वरून येणारा क्ष-८६ चा मजकूर हे सॉफ्टवेअर भाषांतरित करी, भाषांतर जपून ठेवी आणि तोच भाग पुन्हा आला की तयार भाषांतर वापरी. ट्रान्झिस्टर कमी, म्हणून उष्णता कमी. शिवाय ‘लाँगरन’ या व्यवस्थेने कामाचा बोजा पाहून वेग आणि विद्युतदाब दोन्ही क्षणाक्षणाला कमीजास्त होत. वर्गाचे गणित येथे प्रत्यक्ष राबवलेले दिसते.

मग ही कंपनी हरली का? भाषांतराला वेळ लागतो, हे पहिले कारण. एखादे काम हजार वेळा करायचे असेल तर भाषांतराचा खर्च वसूल होतो; परंतु लॅपटॉपवर माणूस एक खिडकी उघडतो, दुसरी मिटतो, तिसरीकडे वळतो, आणि प्रत्येक नव्या गोष्टीपाशी यंत्र अडखळते. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. लॅपटॉपमधली वीज एकटा प्रोसेसर खात नाही. पडदा, त्यामागचा दिवा, तबकडी, स्मृती, हे सारे वाटेकरी असतात. प्रोसेसरचा वाटा अर्ध्यावर आणला तरी बॅटरी दुप्पट टिकत नाही. सोनीने २००० मध्ये आपल्या चिमुकल्या वायो पिक्चरबुकमध्ये क्रूसो बसवला, आणखी काही जपानी कंपन्याही आल्या. पण आयबीएमने थिंकपॅडमध्ये तो घेण्याचा बेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सोडून दिला. पुढच्याच आठवड्यात कंपनीचे समभाग बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी दुपटीहून वर गेले. तो काळच तसा होता.

तिसरे कारण म्हणजे इंटेल जागी झाली. २००१ च्या आरंभी तिने अतिअल्प दाबाचा पेंटियम-३ आणला, आणि मार्च २००३ मध्ये इस्रायलमधील हैफा येथे घडलेला पेंटियम-एम. मेगाहर्ट्झची शर्यत सोडून जुन्या पेंटियम-३ च्या रचनेकडे परत वळण्याचा शहाणपणा त्यात होता. ट्रान्समेटाने प्रोसेसर विकण्याचे काम पुढे आवरते घेतले, २००६ मध्ये इंटेलवर पेटंटभंगाचा दावा लावला, आणि २००७ मध्ये २५ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. माझ्या मते त्या तडजोडीहून मोठी गोष्ट ही की, लॅपटॉपच्या चर्चेत ‘किती वेगाने’ या प्रश्नाशेजारी ‘किती वॅटांत’ हा प्रश्न कायमचा बसला तो क्रूसोमुळे.

आता एका जुन्या घराण्याची वाटणी पाहू. टेक्सासमधील सायरिक्स कंपनीने १९९७ मध्ये मीडियाजीएक्स नावाची चिप काढली होती. चित्र, आवाज आणि स्मृतीचे नियंत्रण प्रोसेसरबरोबर तीत एकत्र आणल्याने संगणक हजार डॉलरांच्या आत विकता येऊ लागले. त्याच वर्षी नॅशनल सेमिकंडक्टरने सायरिक्स विकत घेतली आणि १९९९ मध्ये तिचा मोठा भाग तैवानच्या व्हिया कंपनीला विकला; मात्र मीडियाजीएक्सचा वारसा स्वतःकडे ठेवला. भाऊबंदकीत वाडा एकाकडे आणि मळा दुसऱ्याकडे जावा, तसे झाले. मळ्याचे नाव पुढे ‘जिओड’ पडले आणि तो २००३ मध्ये एएमडीकडे गेला. व्हियाने त्याच वर्षी, म्हणजे १९९९ मध्ये, ऑस्टिन येथील सेंटॉर हा छोटा रचनाकार-चमूही घेतला. ग्लेन हेन्री यांच्या या चमूचा मंत्र पहिल्यापासून एकच: लहान, साधे, थंड. गंमत अशी की ‘सायरिक्स-३’ या नावाने व्हियाने जो प्रोसेसर बाजारात आणला, तो सेंटॉरचा होता. नाव एका घराण्याचे, रक्त दुसऱ्याचे. त्यातूनच पुढे सी-३ आणि २००५ मध्ये सी-७ आले.

हे सगळे प्रोसेसर ज्या यंत्राची वाट पाहत होते त्याची घोषणा एका शिक्षणविषयक स्वप्नातून झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत निकोलस निग्रोपाँटे यांनी, संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत, शंभर डॉलरांचा हिरवा लॅपटॉप दाखवला. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ अशी ती योजना. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड होता, २५६ मेगाबाइट स्मृती होती, आणि मेरी लू जेप्सन यांनी रचलेला असा पडदा होता, जो भर उन्हात वाचता येई. शंभर डॉलरांचे वचन पाळता आले नाही. २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत १८८ डॉलरांच्या आसपास होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली होती. शिक्षकांआधी यंत्रे कशाला, हा त्यामागील विचार मला आजही निरर्थक वाटत नाही. तथापि सरकारी नकारानंतरही आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एका लहानशा शाळेत २००७ मध्ये ही हिरवी यंत्रे पोहोचली, आणि तेथील मुलांनी ती मराठीतून शिकताना हाताळली.

या यंत्राने मोठ्या कंपन्यांची झोप उडवली हे मात्र निश्चित. इंटेलने स्वतःचा क्लासमेट नावाचा शाळकरी संगणक पुढे केला. जुलै २००७ मध्ये ती निग्रोपाँटे यांच्या संस्थेच्या संचालक मंडळात सामील झाली आणि जानेवारी २००८ मध्ये बाहेरही पडली. सहा महिन्यांचा संसार! त्याच हिरव्या यंत्राची पुढली आवृत्ती व्हियाच्या सी-७ वर चालली आणि त्यापुढची एआरएम जातीच्या प्रोसेसरवर. एकाच कवचात आळीपाळीने तीन घराण्यांचे प्रोसेसर नांदले. या साऱ्या लढाईचा संक्षेप पाहायचा तर तो तेथे आहे.

दुकानातल्या गिऱ्हाइकापुढे मात्र ही कल्पना तैवानच्या आसुस कंपनीने ठेवली. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘ई पीसी’ आला: सात इंचांचा पडदा, चार गिगाबाइटांची साठवण, लिनक्स, आणि इंटेलचा ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन-एम, तोही ६३० वर उतरवून चालवलेला. त्यात नवे असे काहीच नव्हते, सारे जुने आणि स्वस्त सामान. पण लॅपटॉप म्हणजे हजार डॉलर हे समीकरण त्याने मोडले. लोक तुटून पडले.

आणि मग ॲटम आला. त्याची जन्मकथा आपल्या कानाला ओळखीच्या एका शब्दापासून सुरू होते. पेंटियम-४ च्या वारसदाराला इंटेलने ‘तेजस’ हे सांकेतिक नाव दिले होते. नाव सार्थ ठरण्याची भीती वाटावी इतकी उष्णता होऊ लागली, आणि मे २००४ मध्ये तेजस रद्द झाला. त्यावर काम करणाऱ्या ऑस्टिनच्या चमूला नेमके उलटे काम मिळाले: इंटेलचा सर्वांत थंड प्रोसेसर घडवा. त्यांनी नियम कडक केला. पूर्वी एखादी नवी सोय वीज एक टक्क्याने वाढवीत असेल आणि गतीही एक टक्क्याने वाढत असेल, तर ती स्वीकारली जाई. आता एक टक्का विजेला दोन टक्के गती मिळाली तरच प्रवेश.

या चाळणीतून पहिलीच गोष्ट गळाली ती म्हणजे आज्ञांचा क्रम बदलण्याची सोय. मोठे प्रोसेसर चलाख कारकुनासारखे असतात. रांगेतील पहिल्याचा अर्ज अपुरा असेल तर त्याला बाजूला उभे करून मागच्यांची कामे उरकून घेतात. ही चलाखी विजेच्या हिशेबात महाग पडते. ॲटम हा रेशन दुकानातल्या जुन्या रांगेसारखा होता: पुढचा हलल्याशिवाय मागचा हलणार नाही. त्याची भरपाई म्हणून एकाच खिडकीसमोर दोन रांगा लावण्याची युक्ती केली. एक अडली की दुसरीतला पुढे येतो. अशी ४ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टरांची चिप २५ चौरस मिलिमीटरांहून कमी जागेत बसली. मार्च २००८ मध्ये तिचे नामकरण झाले आणि जूनमध्ये लहान लॅपटॉपसाठी एन-२७० आला. वेग १.६ गिगाहर्ट्झ, उष्णता अडीच वॅट.

या अडीच वॅटांभोवती जाहिरातीचे वलय उभे राहिले. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. प्रोसेसरशेजारी स्मृती, चित्र आणि जोडण्या सांभाळणाऱ्या साहाय्यक चिपा लागतात. इंटेलने त्यांसाठी जुना ९४५ हा संच दिला, आणि तो धरून एकूण आकडा ११.८ वॅटांवर जाई. त्याच वर्षी इंटेलने टेबलावरच्या संगणकासाठी ॲटमची जी पाटी विकली, तीत पंखा प्रोसेसरवर नव्हे तर शेजारच्या साहाय्यक चिपेवर बसवला होता. नवरदेव शांत बसलेला आणि वऱ्हाडी घामाघूम! हे अज्ञानातून झाले असे मी मानत नाही. जुन्या कारखान्यांतून निघणारा जुना संच खपवणे आणि स्वस्त यंत्राने महागड्या यंत्राचे गिऱ्हाईक पळवू नये याची काळजी घेणे, हे दोन्ही हेतू त्यात दिसतात.

मायक्रोसॉफ्टचेही तसेच. लिनक्सवर चालणारे ई पीसी खपू लागताच तिने एप्रिल २००८ मध्ये विंडोज एक्सपीचे आयुष्य या ‘अतिस्वस्त’ यंत्रांपुरते वाढवले, पण सवलतीच्या दराला अटी जोडल्या: पडदा अमुक इंचांहून मोठा नको, स्मृती एक गिगाबाइटहून अधिक नको. पुढे २००९ मध्ये विंडोज-७ ची जी प्रारंभिक आवृत्ती या यंत्रांना मिळाली, तिच्यात पडद्यामागचे चित्रही बदलता येत नसे. चित्र बदलायला कोणता जादा वॅट लागतो? गरिबाच्या यंत्राला त्याची पायरी दाखवून ठेवण्याचा हा प्रकार होता, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मग प्रतिस्पर्ध्यांनी या फटीचा फायदा घेतला का? प्रयत्न झाले. ह्युलेट-पॅकार्डने एप्रिल २००८ मध्ये ॲल्युमिनियमचे देखणे मिनी-नोट २१३३ काढले ते व्हियाच्या सी-७ वर. पण वर्ष सरण्याआधीच तिने नव्या यंत्रांसाठी ॲटम स्वीकारला. व्हियाचा नॅनो, तोच मे २००८ चा, खरे तर चलाख कारकुनांच्या जातीचा आणि त्याच वेगाच्या ॲटमपेक्षा चपळ होता. सॅमसंगने एनसी-२० मध्ये तो वापरला. परंतु इंटेल ४५ नॅनोमीटरच्या कारखान्यात चिपा काढत असता नॅनो ६५ च्या साच्यात घडत होता. तो विजेला महाग पडला आणि पुरेशा संख्येने कधी आलाच नाही. येथे रचनाकारांची बुद्धी हरली नाही, कारखाना हरला.

एनव्हिडियाने डिसेंबर २००८ मध्ये वेगळी चाल केली. प्रोसेसर ॲटमच ठेवायचा, फक्त जुना ९४५ संच काढून आपली ‘आयन’ चिप बसवायची. चित्रपट सुरळीत दिसू लागले आणि ॲटमचे दुबळेपण किती अंशी उसने होते हे उघड झाले. इंटेल एकटा ॲटम ४५ डॉलरांना आणि तिन्ही चिपांचा संच मात्र २५ डॉलरांना विकते, असा जाहीर आरोप एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी २००९ मध्ये केला. इंटेलने तो नाकारला. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या एन-४५० मध्ये इंटेलने चित्र आणि स्मृती-नियंत्रण प्रोसेसरच्याच चिपेत घेतले. वीज वाचली खरी, परंतु आयनला शिरायची वाट अरुंद झाली, आणि यंत्राच्या स्वतःच्या पडद्याची मर्यादा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांवर ठरली. तेरा वर्षांपूर्वी मीडियाजीएक्सने केलेले एकत्रीकरण इंटेलने आता केले.

एएमडीने २००८ मध्ये या बाजाराकडे पाठ फिरवली होती. ती जानेवारी २०११ मध्ये बॉबकॅट घेऊन आली: क्रम बदलणारी रचना, दोन गाभे, शेजारी खऱ्या ताकदीची चित्रचिप, आणि हे सर्व नऊ वॅटांत. माझ्या मते लहान लॅपटॉपसाठी घडलेला हा सर्वांत समतोल प्रोसेसर; ॲटमवर लादलेली मर्यादा निसर्गनियम नव्हती याचा पुरावाच. दुर्दैव एवढेच की पाहुणे उठल्यावर पंगत वाढली गेली. ॲपलने जानेवारी २०१० मध्येच आयपॅड जाहीर केला होता, आणि हलके यंत्र हवे असणारा ग्राहक तिकडे वळला होता. त्या आयपॅडमध्ये क्ष-८६ च्या कोणत्याही घराण्याचा अंश नव्हता. त्यात एआरएम होता.

एआरएमची कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी घडवलेली पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये हाती आली, तेव्हा तिला वीजपुरवठ्याची तार जोडलेली नसतानाही ती चालत होती. शेजारच्या जोडण्यांतून झिरपणारी वीज तिला पुरत होती. फर्बर हा किस्सा अनेकदा सांगतात. लॅपटॉपच्या रूपात मात्र तिचा पहिला प्रयत्न फसला. ‘स्मार्टबुक’ नावाने २०१० मध्ये गाजावाजा झाला, लेनोव्होचे स्कायलाइट दाखवले गेले आणि विक्रीपूर्वीच मागे घेतले गेले. नेहमीची विंडोज त्यांवर चालत नव्हती आणि लोकांना हवी होती तीच. २०१२ च्या ऑक्टोबरात सॅमसंगचे २४९ डॉलरांचे क्रोमबुक आले तेव्हा हा अडथळा उरला नव्हता, कारण त्यात विंडोजचा प्रश्नच नव्हता.

त्या वर्षाअखेर आसुस आणि एसर या दोघांनीही नेटबुक बनवणे थांबवले. लढाई संपली, पण लढणाऱ्यांचे वंश संपले नाहीत. बॉबकॅटचा वारस जॅग्वार २०१३ मध्ये प्लेस्टेशन-४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही खेळयंत्रांत आठ-आठ गाभ्यांनी बसला. नेटबुकसाठी काटकसर शिकलेली रचना ही खेळाच्या मैदानात गेली! ॲटमनेही २०१३ मध्ये रेशनची रांग सोडून चलाख कारकून नेमला. एआरएमवरचा पंखाविरहित मॅकबुक एअर नोव्हेंबर २०२० मध्ये निघाला आणि अल्पवीज प्रोसेसर म्हणजे दुय्यम प्रोसेसर ही समजूत मागे पडली.

एका वर्षानंतर, नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, दोन बातम्या एकापाठोपाठ आल्या. इंटेलने आपल्या टेबलावरच्या बलाढ्य संगणकांसाठी नवी पिढी विक्रीस आणली. तीत मोठ्या गाभ्यांशेजारी ॲटमच्या वंशातील छोटे गाभे बसवलेले होते. आणि दुसऱ्याच दिवशी व्हियाने जाहीर केले की, सेंटॉरच्या चमूतील काही रचनाकारांना इंटेल आपल्याकडे घेणार असून त्यापोटी १२ कोटी ५० लाख डॉलर देणार आहे.